तळं बुजवू नका, वरचं पाणी वळवा

पत्र : घराच्या मागच्या अंगणात आम्ही गेल्या वर्षी हौसेनं तळं खोदलं. 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद, मधोमध पाऊण मीटर खोल. तळाला जाड प्लॅस्टिकचा कागद, काठावर गुळगुळीत गोटे. अंगण उतारावर आहे, म्हणून पाणी आपोआप येईल या विचारानं सगळ्यात खालचा कोपरा निवडला. पहिल्याच जोरदार पावसात वरची माती तळ्यात आली, गोटे आत घसरले, कागद फुग्यासारखा वर आला. खालचा काठ एका जागी फुटला आणि तिथून कुंपणापर्यंत वीतभर खोल घळ पडली. पाणी अजून गढूळच आहे. ह्यांचं म्हणणं, चारी बाजूंनी सिमेंटची भिंत घालू. सासरे म्हणतात, बुजवून टाका. मला मात्र तळं हवं आहे. काय करू?

ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. तळं बुजवू नका, आणि सिमेंटची भिंतही इतक्यात घालू नका. तुमच्या पत्रात तळ्याबद्दल भरपूर आहे, पण तळ्याच्या वरच्या अंगाला काय आहे याबद्दल एकच शब्द आहे : उतार. खरी अडचण तिथे आहे. तुम्ही खोदलंत ते वाईट खोदलं नव्हतं. अख्ख्या अंगणाचं पाणी त्या तळ्याच्या अंगावर आलं आणि ते त्याला पेललं नाही.

थोडा हिशेब करू. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. तुमच्या घराचं छत 100 चौरस मीटरचं धरा आणि एका मोठ्या सरीत 50 मिलिमीटर पाऊस झाला असं समजा. एकट्या छतावरून 5,000 लिटर पाणी उतरतं, कारण छतावर मुरायला काही जागाच नसते. आता तळ्याकडे या. 4 गुणिले 3 गुणिले पाऊण म्हणजे 9 घनमीटर, पण कडा उतरत्या असल्यानं प्रत्यक्षात त्यात 5,000 लिटरच्या आसपासच मावत असेल. म्हणजे एका सरीत तुमच्या तळ्यात आणखी एक तळं येऊन पडू शकतं. अंगणातल्या मातीवरून वाहून येतं ते वेगळंच. छताची पन्हळ कुठे सोडली आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की ती मागच्या अंगणातच सोडलेली असणार. आज संध्याकाळी जाऊन एवढं एक बघा.

दुसरी गोष्ट वेगाची. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन दुपटीनं नव्हे, चौसष्ट पटींनी वाढतं, असा एक जुना ठोकताळा आहे. म्हणूनच एरवी जागचे न हलणारे गोटे त्या दिवशी घसरत गेले. हा नियम आपल्या बाजूनंही चालतो, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. पाण्याचा वेग निम्म्यावर आणलात, तर त्याची ताकद निम्म्याच्याही कितीतरी खाली येते. पाणलोटाचं काम करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं : पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला रांगायला, रांगणाऱ्याला थांबायला आणि थांबलेल्याला मुरायला. डोंगराला लागू आहे ते तुमच्या अंगणालाही लागू आहे.

आता फावडं हातात घेण्याआधी एक काम. पुढची मोठी सर आली की छत्री घेऊन मागे जा आणि नुसतं बघत उभ्या राहा. घराच्या भिंतीच्या पायथ्याशी वाका. मोकळ्या मातीपासून हातभर उंचीपर्यंत भिंतीवर चिखलाचे बारीक ठिपके दिसतील. पावसाचा थेंब मातीवर आपटतो तेव्हा तो मातीचे कण असे उडवतो. धूप सुरू होते ती इथून, पाणी वाहायच्याही आधी. मग उताराकडे बघा. आधी पाणी पातळ थरानं सरकतं. पुढे त्याच्या बोटभर रुंदीच्या रेघा होतात. दोन-तीन रेघा एकत्र आल्या की ओघळ होतो, आणि ओघळ मोठा झाला की तुमच्या कुंपणापाशी पडली तशी घळ. मूठभर लाकडाचा भुसा वरच्या अंगाला टाका आणि तो कुठून कुठे जातो ते पाहा. जिथून भुसा धावत जातो त्या जागी काठी रोवून ठेवा. पाऊस उघडल्यावर त्या काठ्यांची रांगच तुम्हाला नकाशा काढून देईल. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा, पाणी जिथून येतं असं वर्षभर वाटत होतं त्याच्या पार उलट्या बाजूनं ते येत होतं.

कामाची सुरुवात छतापासून करा. पन्हळीचं पाणी टाकीत घ्या, शोषखड्ड्यात सोडा किंवा पाइपानं तळ्याला वळसा घालून पुढे न्या. काहीही करा, पण ते तळ्याच्या वरच्या मातीवर मोकळं सोडू नका. एवढ्यानंच निम्मा प्रश्न सुटला तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

मग तळ्याच्या वर (पुढे सांगते तसं तळं सरकवणार असाल तर नव्या जागेच्या वर), दोन-तीन मीटर अंतर ठेवून, उताराला आडवा एक चर काढा. हा चर खोल नको आणि इंग्रजी व्हीसारखा टोकदार तर मुळीच नको, कारण टोकदार चरात पाणी तळ खात जातं. 60 सेंटिमीटर रुंद आणि मधोमध 15 ते 20 सेंटिमीटर खोल, ताटलीसारखा उथळ असावा. निघालेली माती खालच्या अंगाला टाकून चोपा, म्हणजे तिचाच बुटका बांध होतो. चराला उतार किती द्यायचा, इथे बहुतेकांची चूक होते. मीटरमागे 1 सेंटिमीटर पुरे. डोळ्यांच्या अंदाजानं हे होत नाही, उतारावर डोळे फसवतात. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या, तिच्यात पाणी भरा, हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं. दोन्हीकडची पाण्याची रेघ स्थिर झाली की ती एकाच पातळीत असते, त्यात शंकेला जागाच नाही. तिथून मोजत जा आणि चुन्याची फक्की मारत पुढे सरका. रेघ वाकडीतिकडी येईल. येऊ द्या, जमीनच तशी आहे. सरळ रेघेच्या मोहात पडलात तर चराच्या एखाद्या जागी पाणी तुंबेल आणि तिथूनच बांध फुटेल.

या चराचं पाणी कुठे सोडायचं? इथे तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे असं मला वाटतं. तळ्यासाठी सगळ्यात खालचा कोपरा निवडणं ही मूळची चूक, आणि ती भल्याभल्यांकडून होते. खालच्या जागी सगळ्या बाजूंनी गाळ येतो, शिवाय पावसाच्या दिवसांत जमिनीतलं पाणीही तिथे वर चढलेलं असतं. तुमचा कागद फुगला तो त्यामुळेच. त्याच्या खाली पाणी शिरलं आणि त्यानं कागद वर उचलला. वर कितीही गोटे ठेवलेत तरी पुढच्या वर्षी हेच होईल. तेव्हा जागा असेल तर तळं तीन-चार मीटर वरच्या अंगाला सरकवा. नव्या खड्ड्याची माती जुन्या खड्ड्यात जाईल. पण जुना खड्डा काठोकाठ भरू नका. 15 सेंटिमीटर खोलीचा, पसरट, गवताळ खळगा तिथे राहू द्या. चराचं पाणी आणि नव्या तळ्याचं ओसंडणारं पाणी, दोन्ही या खळग्यात येऊन पसरेल आणि मुरेल. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांच्या अंगणात तुमचं पाणी जाणार नाही, हेही महत्त्वाचं. घराच्या पायापासून हा खळगा निदान 3 मीटर लांब असू द्या.

त्या जागी पाणी मुरतं का, ते आधी तपासा. फूटभर खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी किती तासांत जिरतं ते खरं. एका दिवसाच्या वर वेळ लागला तर माती जड आहे. मग खळगा आणखी उथळ आणि आणखी पसरट करा.

आता प्रत्यक्ष तळं. खोदण्याआधी त्या जागेखालून पाण्याची, सांडपाण्याची किंवा विजेची लाइन जात नाही ना, याची खात्री करा. वरचा वीतभर सुपीक थर वेगळा काढून ठेवा, तो पुढे गवतासाठी लागेल. उकरलेली माती खड्ड्यात होती त्याच्या सव्वापट तरी भरते, तेव्हा ढीग कुठे घालायचा ते आधी ठरवा. ढीग वरच्या अंगाला नको, आणि त्यावर ताडपत्री हवी. काठाला लागून 20 ते 30 सेंटिमीटर खोलीची एक पायरी ठेवा, पाणवनस्पतींच्या कुंड्या तिथे बसतात. एक बाजू मात्र पायरी न ठेवता सावकाश उतरती करा. पाण्यात पडलेला बेडूक, खार, मांजराचं पिल्लू तिथून चढून बाहेर येतं.

काठ सगळीकडून एका पातळीत हवा. कुठे 3 सेंटिमीटर जरी खाली राहिला, तरी पाणी ती जागा शोधून काढतंच, आणि माझ्या मते तुमचा काठ फुटला तो अशाच जागी. इथेही लेव्हल ट्यूबच वापरा. शिवाय काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा 10 सेंटिमीटर उंच ठेवा, म्हणजे चरातून चुकून निसटलेलं पाणी तळ्यात न शिरता वळसा घालून जाईल. खालच्या अंगाला भर घालून काठ करावा लागेल. ती भर एकदम टाकून वरवर चोपू नका. 15 सेंटिमीटरचा थर टाका, हलकं पाणी मारा आणि धुमसानं चोपा, मग पुढचा थर. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, इतकीच ओल हवी. भरीचा बाहेरचा उतार सौम्य ठेवा : एक फूट उंचीला निदान दोन फूट, जमल्यास तीन फूट पसारा.

कागदाचं माप काढायला सोपं आहे. लांबीत दोनदा खोली मिळवा, आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जास्तीचा. तुमच्या तळ्याला 4 अधिक दीड अधिक 1, म्हणजे साडेसहा मीटर, आणि रुंदीला तसंच साडेपाच मीटर. साधं प्लॅस्टिक उन्हानं तडकतं. शक्य असेल तर रबराचा लायनर घ्या, आणि त्याच्या खाली जाड नमदा किंवा जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, अंथरा, म्हणजे खडे टोचणार नाहीत. लायनरची कड काठावरच्या दगडांच्या मागे उभी वळवून ठेवा. ती आडवी मातीत पुरली, तर माती वातीसारखं पाणी शोषत राहते आणि तळं का आटतंय हे कळत नाही.

सांडव्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझं स्वतःचं पहिलं तळं त्याच्यामुळेच गेलं. जास्तीचं पाणी जायला मी काठात एक पाइप बसवला होता. दिसायला नीटनेटका होता. एका रात्री मोठा पाऊस झाला, एक रुंद पान पाइपाच्या तोंडावर चिकटलं आणि पाणी काठावरून गेलं. सकाळी पाहिलं तर काठाला हात घालता येईल एवढं खिंडार पडलं होतं आणि पाइप हवेत लोंबकळत होता. अरुंद तोंड तुंबतं, आणि नाही तुंबलं तरी त्यातून पाणी जोरानं पडतं आणि खाली खड्डा करतं. म्हणून सांडवा रुंद आणि उथळ करा. काठाचा 1 मीटरचा पट्टा बाकीच्या काठापेक्षा 5 सेंटिमीटर खाली, तळ अगदी सपाट. पाणी त्यावरून पातळ चादरीसारखं जायला हवं. हा सांडवा नव्यानं घातलेल्या भरीवर कधीही करू नका. जमीन मूळची, न उकरलेली आहे अशा बाजूला करा आणि तिथून खळग्यापर्यंत पाण्याची वाट दगडांनी बांधून काढा.

दगड गुळगुळीत गोटे नकोत. दिसायला ते छान असतात, पण एकमेकांवरून घरंगळतात. कोनाकोनाचे, फोडलेले दगड घ्या. ते एकमेकांत अडकून बसतात, धरणाच्या उतारावर बसवलेल्या दगडांसारखे. त्यांच्याखाली जिओटेक्स्टाइल किंवा बारीक खडीचा थर हवाच, नाहीतर दगडांच्या फटींतून पाणी खालची माती ओढून नेतं आणि वर्षभरात दगड खचतात. सगळ्यात खालची ओळ जमिनीत चर खणून रुतवा, म्हणजे वरच्या दगडांना टेकू मिळतो.

कुंपणाकडची घळ तशीच सोडू नका. घळीचं तोंड दर पावसात वरच्या बाजूला सरकत जातं, आणि ती उद्या नव्या तळ्यापर्यंत येईल. वरचं पाणी वळवल्यानंतर तिच्या उभ्या कडा तासून उतरत्या करा, आत जिओटेक्स्टाइलचं कापड आणि दगड भरा आणि दोन-तीन ठिकाणी दगडांचे बुटके आडवे बांध घाला. बांधाचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खाली हवा. सपाट ठेवलात तर पाणी टोकाला वळसा घालून बाजूची माती कापतं, आणि एकीच्या दोन घळी होतात.

उघडी माती एकही दिवस उघडी ठेवू नका. दगड, चर, बांध हे सगळं खरं, पण शेवटी माती धरतात ती मुळंच. काठाच्या भरीवर हरळीचे गड्डे लावा, बियांपेक्षा ते लवकर धरतात. चराच्या खालच्या बांधावर वाळ्याची एक ओळ लावा, दोन ठोंबांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर ठेवून. वाळ्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत 3 मीटरच्याही खाली, आणि वरची दाट पानं गाळ अडवतात. भरीवर झाड मात्र लावू नका. मूळ कुजलं की त्या पोकळीतून पाण्याला आयती वाट मिळते. गवत धरेपर्यंत काथ्याची जाळी अंथरून लाकडी खुंट्यांनी ठोकून बसवा. जाळी जमिनीला चिकटून हवी, अधांतरी राहिली तर पाणी तिच्या खालून वाहतं. हे सगळं पाऊस तोंडावर येण्याच्या निदान दोन महिने आधी उरका, मुळांना तेवढा अवधी द्या.

गढूळ पाण्याचं विचारलंत. काचेच्या बरणीत ते भरून खिडकीत ठेवा. दोन दिवसांत निवळलं तर नुसता गाळ आहे, येणारा गाळ थांबला की तळंही निवळेल. आठवड्यानंतरही तसंच राहिलं तर ती चिकणमाती आहे. तिचे कण अतिशय बारीक असतात आणि सारख्याच विद्युतभारामुळे एकमेकांना दूर लोटतात, म्हणून खाली बसत नाहीत. तुरटीनं ते बसतात, पण पाणी आम्लही होतं, मासे असतील तर घालू नका. पाणी नंतर हिरवं पडलं तर त्याचं मूळही बहुतेक याच मातीत असतं. मातीच्या कणांना चिकटून फॉस्फरस येतो आणि शेवाळ त्यावर पोसतं. म्हणून तळ्याच्या वरच्या हिरवळीला खत घालणं बंद करा.

सिमेंटच्या भिंतीबद्दल तुमच्या यजमानांना एवढंच सांगा : भिंतीनं पाणी थांबत नाही, ते तिच्या मागे साठतं. ओल्या मातीचा रेटा येतो, पाणी बाहेर काढणारी भोकं ठेवली नाहीत तर भिंत झुकते, तडकते. वरचं पाणी वळवल्यावर भिंतीची गरज उरते का ते एक पावसाळा बघा, मग ठरवा.

घरात किंवा शेजारी लहान मूल असेल तर आधी जाळीचं झाकण किंवा कुंपण, मग पाणी. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, यात तडजोड नको. डासांचं म्हणाल तर उबदार पाण्यात अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. अळ्या खाणारे मासे सोडा, पण सांडव्यातून ते ओढ्यानाल्यांत जाणार नाहीत अशी खात्री असेल तरच.

एक गोष्ट राहिली. चर जिथे खळग्याला मिळतो, त्याच्या अलीकडे घमेलंभर गाळ मावेल एवढा गाळखड्डा करा. पहिले चार-पाच पाऊस प्रत्येक वेळी तो उपसा आणि निघालेली माती वर, जिथून आली तिथे, झाडांच्या बुंध्याशी नेऊन टाका. किती घमेली निघाली ते भिंतीवर खडूनं लिहीत चला. आकडा उतरत गेला तर गवत धरतंय. चढत गेला तर भुसा आणि छत्री घेऊन पुन्हा वर जा, पाण्याला कुठेतरी नवी वाट मिळाली आहे.